उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ का होते? रक्त अल्कधर्मी झाल्यावर ते उलट जाड व्हायला नको का?

प्रश्न : पशुवैद्यक पदवीची विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, परभणी

सर्व अभ्यासकांना नमस्कार. मी परभणी येथे पशुवैद्यक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात असून तेथे वडिलांचे दोन हजार लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांचे पिंजरा पद्धतीचे शेड आहे. दर वर्षी एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला आणि पारा ४२ अंशांच्या आसपास जाऊ लागला, की आमच्याकडील अंड्यांची कवचे पातळ होऊ लागतात. काही अंडी पिंजऱ्याच्या तारेवरून घरंगळतानाच फुटतात, काही गोळा करताना तडकतात आणि ट्रेमध्ये नीट भरलेल्या अंड्यांतलीही काही बाजारात पोहोचेपर्यंत जातात. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले, की ही तक्रार आपोआप मिटते.

यंदा सुट्टीत मी घरीच होते, म्हणून हे मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. कॅल्शियम कमी पडत असावे असे धरून वडिलांनी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून पाण्यातून द्यायचे कॅल्शियमचे द्रावण दोन आठवडे दिले. खर्च बराच झाला, परंतु कवचात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. खाद्याचे सूत्र हिवाळ्यात होते तेच आहे. लाइमस्टोन पावडर (चुनखडीची भुकटी), शेलग्रिट (शिंपल्यांचे खडे), डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) यांपैकी काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते फक्त ऊन.

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते : उष्णतेमुळे कोंबडी धापा टाकते, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रेस्पिरेटरी अल्कलोसिस होतो, म्हणजे रक्त अधिक अल्कधर्मी होते, आणि कवच पातळ होते. परीक्षेत मी हीच ओळ लिहिली आणि मला गुणही मिळाले. आता शांतपणे विचार करताना मात्र ती पटत नाही. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते आणि अल्कधर्मी द्रावणात त्याचा साका बसतो, हे आपण शाळेत शिकलो. मग कोंबडीचे रक्त नेहमीपेक्षा अधिक अल्कधर्मी झाले, तर कवच अधिक सहज बसायला हवे. प्रत्यक्षात ते उलट का होते? माझ्या विचारातील चूक नेमकी कोणत्या पायरीवर आहे, हे कोणी समजावून सांगितल्यास मी ऋणी राहीन.

उत्तर : निवृत्त अध्यापक, जीवरसायनशास्त्र, लातूर

तुमची शंका योग्य आहे, आणि पाठ्यपुस्तकातली ओळही चुकीची नाही. तिच्यातल्या मधल्या चार पायऱ्या गाळलेल्या आहेत, म्हणून ती पटत नाही. त्या पायऱ्या आपण एकेक करून भरू.

प्रथम कवचाचा हिशेब मांडा. साधारण ५८ ते ६० ग्रॅमच्या अंड्याचे कवच साडेपाच-सहा ग्रॅमचे असते आणि त्याचा ९४-९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम ४० ग्रॅम आणि कार्बोनेट ६० ग्रॅम असते. म्हणजे एका कवचात कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम असेल, तर कार्बोनेट सुमारे तीन ग्रॅम असते. कवच म्हटले की आपल्या मनात फक्त कॅल्शियम येते, दुकानातही कॅल्शियमच्याच बाटल्या मिळतात, पण वजनाने मोठा वाटा कार्बोनेटचा आहे. हे कार्बोनेट येते कुठून?

शेलग्रिटमधून येत असेल, असे बहुतेक विद्यार्थी सांगतात. मी वर्गात हा प्रश्न अनेक वर्षे विचारला आणि बहुतेक वेळा हेच उत्तर ऐकले. शेलग्रिट किंवा लाइमस्टोन पावडर जठरात पोहोचली, की तेथील हायड्रोक्लोरिक आम्लाने तिचे कॅल्शियम सुटे होते आणि कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. कवचातील कार्बोनेट कोंबडी आपल्या शरीरात नव्याने घडवते, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे तिच्या पेशींच्या चयापचयातून निघालेला कार्बन डायऑक्साइड. तिने खाल्लेल्या मक्याच्या स्टार्चचे ज्वलन होते, त्यातून निघालेला हा वायू रक्तात मिसळतो आणि त्याचाच काही भाग कवचात दगडासारखा बसतो. आपल्या शिवारातल्या मक्याचा कार्बन अंड्याच्या कवचात असतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

आता कवचग्रंथीत, म्हणजे अंडवाहिनीच्या ज्या भागात अंड्यावर कवच चढते तेथे, काय घडते ते पाहा. तिच्या अस्तराच्या पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज हे जस्तयुक्त विकर (एन्झाइम) भरपूर असते. रक्तातून पेशीत शिरलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून हे विकर अतिशय वेगाने बायकार्बोनेट आयन आणि हायड्रोजन आयन तयार करते. बायकार्बोनेट ग्रंथीच्या पोकळीत, म्हणजे अंड्याच्या बाजूला सोडला जातो. तेथे तो कॅल्शियमला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसू लागते. सुटे झालेले हायड्रोजन आयन उलट दिशेने रक्तात परत जातात. म्हणूनच कवच बसत असताना निरोगी कोंबडीचे रक्तही किंचित आम्लतेकडे झुकते आणि मूत्रपिंडांना ते आम्ल बाहेर टाकावे लागते.

तुमची चूक इथे सापडते. साका बसतो तो ग्रंथीच्या पोकळीत, रक्तात नव्हे. पेशींचे अस्तर या दोन जागा वेगळ्या ठेवते. रक्ताचा पीएच वाढला म्हणजे पोकळीतला साका आपोआप वाढला, असे होत नाही. साका किती बसेल हे तेथे कॅल्शियम किती आणि बायकार्बोनेट किती वेगाने पोहोचतो यावर ठरते, आणि उन्हाळ्यात या दोन्ही पुरवठ्यांना खीळ बसते.

कोंबडीला घामग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असते आणि भोवतालची हवा तिशीच्या पुढे गेली, की उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे श्वासावाटे पाण्याची वाफ करणे हाच उरतो. त्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते. वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा किती तरी अधिक बाहेर जातो. हेंडरसन-हॅसलबाख समीकरण तुम्ही शिकला आहात : पीएच बरोबर ६.१ अधिक लॉग, आणि लॉगच्या आत बायकार्बोनेट भागिले ०.०३ गुणिले कार्बन डायऑक्साइडचा अंशदाब, म्हणजे रक्तातील त्या वायूचा स्वतःचा दाब. समजण्यापुरते आकडे घेऊ. बायकार्बोनेट लिटरला २२ मिलिमोल आणि अंशदाब ३० मिलिमीटर धरला, तर भाजक ०.९ येतो, भागाकार २४.४ येतो, त्याचा लॉग १.३९ आणि पीएच ७.४९. धापांमुळे अंशदाब २० वर उतरला, तर भाजक ०.६, भागाकार ३६.७, लॉग १.५६ आणि पीएच ७.६६. हाच तो अल्कलोसिस.

पण शरीर तेथे थांबत नाही. पीएच पुन्हा खाली आणण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट मूत्रावाटे सोडू लागतात आणि त्याच्या जोडीला सोडियम व पोटॅशियमही वाहून जातात. बायकार्बोनेट १८ वर आला, की याच समीकरणाने पीएच ७.५८ येतो. रक्ताचा पीएच सुधारला खरा, पण त्यासाठी दिलेली किंमत पाहा : आधी कार्बन डायऑक्साइड गेला, मग बायकार्बोनेटही गेला. कवचाला लागणाऱ्या कार्बोनेटचा साठाच दोन्ही टोकांनी रिकामा झाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कॅल्शियमचीही गोष्ट अशीच आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तरसात १०० मिलिलिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या दुपटीहून जास्त. पण त्यातला मोठा भाग पिवळ्या बलकासाठी जाणाऱ्या व्हिटेलोजेनिनसारख्या प्रथिनांना बांधलेला असतो. कवचग्रंथीला उपयोगी पडते ते सुटे, आयनरूप कॅल्शियम. पीएच वाढला की रक्तातील अल्ब्युमिन आपले हायड्रोजन आयन सोडते आणि त्या मोकळ्या जागांवर कॅल्शियम पकडते. प्रयोगशाळेत एकूण कॅल्शियम मोजले तर आकडा ठीक दिसेल, पण आयनरूप कॅल्शियम घटलेले असेल. कवच वेगाने बसताना ग्रंथी तासाला सुमारे १३० मिलिग्रॅम कॅल्शियम उचलते, आणि रक्तरसात एका वेळी असलेले सगळे कॅल्शियम वीस मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे जवळपास दर दहा मिनिटांनी रक्तातले कॅल्शियम आतड्यातून आणि हाडांतून नव्याने भरावे लागते. इतक्या तंग हिशेबात आयनरूप कॅल्शियम थोडे जरी घटले, तरी त्याचा परिणाम कवचावर दिसतो.

उत्तरपत्रिकेत ती एक ओळ लिहिण्याऐवजी हे दोन पुरवठे लिहा. गुण कदाचित तेवढेच मिळतील, पण विषय तुमचा होईल.

उपप्रश्न : तीच विद्यार्थिनी, परभणी

सर, आपले मनःपूर्वक आभार. अंशदाबाचा हिशेब मी वहीत स्वतः करून पाहिला आणि पहिल्यांदाच ते समीकरण मला कशासाठी शिकवले गेले हे कळले.

यातून दुसरी अडचण उभी राहिली. आमच्या भागात अनेक शेतकरी उन्हाळ्यात खाद्यात किंवा पाण्यात खाण्याचा सोडा घालतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो अल्कधर्मी आहे. कोंबडीचे रक्त आधीच अल्कधर्मी झाले असताना तिला आणखी अल्कली देणे शास्त्राला धरून आहे का? ब्रॉयलरसाठी, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांसाठी, काही ठिकाणी अमोनियम क्लोराइड सांगितलेले मी वाचले आहे, आणि ते तर आम्लता वाढवणारे आहे. दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर : पदव्युत्तर विद्यार्थिनी, कुक्कुटपोषण, उदगीर

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोन पक्ष्यांकडून आपली अपेक्षा वेगवेगळी आहे.

ब्रॉयलरला कवच घडवायचे नसते. त्याने उन्हातही खाद्य खावे, पाणी प्यावे, वजन धरावे आणि जिवंत राहावे एवढेच आपल्याला हवे असते. तेथे अमोनियम क्लोराइडने पीएच खाली आणला तर काही लाभ होऊ शकतो. लेअरला हेच दिले, तर क्लोराइडमुळे रक्तातला बायकार्बोनेट आणखी घटतो आणि कवच अधिकच पातळ होते. वर सरांनी लिहिले आहे, की लेअरची अडचण रिकाम्या झालेल्या कार्बोनेटच्या साठ्याची आहे. सोडा तो साठा भरतो. पीएचच्या आकड्याकडे एकटे न पाहता बायकार्बोनेट आणि अंशदाब हे दोन्ही आकडे सोबत पाहिले, की हा विरोधाभास उरत नाही. सोड्यातील सोडियममुळे कोंबडी पाणीही अधिक पिते, आणि उन्हाळ्यात त्याचा वेगळा फायदा असतो.

याच तर्काचा एक सुंदर पुरावा १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगातून मिळतो. तेथे तापलेल्या वातावरणातील व्हाइट लेगहॉर्न कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी, म्हणजे आपण ज्याला सोडावॉटर म्हणतो ते, प्यायला देण्यात आले आणि कवचाची प्रत सुधारली. त्यात कॅल्शियम वाढवलेले नव्हते; श्वासावाटे गेलेला वायू पाण्यावाटे परत दिला होता. शेडमध्ये हे परवडणारे नाही, पण कारण कोणते हे त्यातून स्पष्ट होते.

आता सोडा किती, याचा हिशेब. मनाने मूठभर घालण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. फ्रान्समधील मोंजँ या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये खाद्यातील सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचा एकत्रित समतोल मांडला : सोडियम अधिक पोटॅशियम वजा क्लोराइड, सर्व मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (आयनांचे प्रमाण त्यांच्या विद्युतभारानुसार मोजण्याचे एकक), आणि किलोमागे सुमारे २५० हे लक्ष्य. उदाहरणादाखल मका-सोयाबीनच्या खाद्यात सोडियम ०.१८ टक्के, पोटॅशियम ०.७ टक्के आणि क्लोराइड ०.२ टक्के धरा. एका किलोत सोडियम १८०० मिलिग्रॅम, त्याला २३ ने भागले की ७८. पोटॅशियम ७००० भागिले ३९.१, म्हणजे १७९. क्लोराइड २००० भागिले ३५.५, म्हणजे ५६. समतोल झाला २०१. टनामागे तीन किलो सोडा घातला, तर किलोमागे ३००० मिलिग्रॅम भागिले ८४, म्हणजे जवळपास ३६ ची भर पडते आणि समतोल २३७ वर जातो.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मिठात सोडियम आणि क्लोराइड समान मिलिइक्विव्हॅलंट असतात, त्यामुळे मीठ वाढवा किंवा घटवा, हा समतोल हलत नाही. पण सोड्यातून सोडियम वाढलेले असते. तीन किलो सोड्याने खाद्यातले सोडियम सुमारे ०.०८ टक्क्याने वाढते. ते काही अंशी कमी करण्यासाठी टनामागे एक किलो मीठ वगळले, तर सोडियम ०.२२ टक्क्यांच्या आसपास राहते, क्लोराइड ०.१४ वर येते आणि समतोल २३७ च राहतो. याहून अधिक मीठ काढू नये, कारण क्लोराइडचीही किमान गरज असते. सोडा घालायचा आणि मीठ तसेच ठेवायचे, असे केले की विष्ठा पातळ होते, पिंजऱ्याखाली ओल राहते, माश्या वाढतात आणि मग सोड्याला दोष दिला जातो.

वडिलांनी कॅल्शियम दिले ते अगदीच निराधार नव्हते, हेही सांगते. कोंबडी थंड दिवसांत ११० ग्रॅम खाद्य खात असेल आणि त्यात ३.८ टक्के कॅल्शियम असेल, तर तिच्या पोटात ४.१८ ग्रॅम कॅल्शियम जाते. त्यातले निम्मे शोषले गेले, तरी कवचाची दोन ग्रॅमची गरज भागते. मे महिन्यात तेच खाणे ८८ ग्रॅमवर आले, तर ३.३४ ग्रॅम पोटात जाते आणि शोषले जाते १.६७ ग्रॅम. सूत्र तेच असले, तरी घास कमी झाला. त्या द्रावणाच्या बाटलीवरील प्रमाण पाहून एका कोंबडीला दिवसाला किती मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, ते काढून पाहा आणि ८०० मिलिग्रॅमच्या या तुटीशी ताडून पाहा. शिवाय पाण्यातून आलेले कॅल्शियम काही तासांत निघून जाते, तर शेलग्रिटचे दोन ते चार मिलिमीटरचे खडे पेषणीत (गिझार्डमध्ये) रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. कवच बसते ते रात्री. म्हणून एकूण लाइमस्टोनपैकी निम्म्याहून अधिक भाग भुकटीऐवजी खड्यांच्या रूपात असावा, असा माझा आग्रह आहे.

उत्तर : लेअर फार्मधारक, पशुवैद्यक पदवीधर, जालना जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली. त्यांत वेळेचा मुद्दा थोडा पुढे न्यावासा वाटतो, कारण माझ्या शेडमध्ये खरा फरक पडला तो वेळ बदलल्यावर.

अंड्याचे घड्याळ मांडून पाहा. कोंबडीने सकाळी साडेआठला अंडे दिले, की साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. अंडवाहिनीतील एकामागून एक भागांत, म्हणजे इन्फंडिबुलममध्ये पाव तास, मॅग्नममध्ये तीन तास आणि इस्थमसमध्ये सव्वा तास गेल्यावर, दुपारी दीडच्या सुमारास ते अंडे कवचग्रंथीत पोहोचते. पहिले चार-पाच तास त्यात मुख्यतः पाणी भरते आणि कवच हळू बसते. वेगाने कवच बसण्याचे काम संध्याकाळी सहा-सातला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते.

आता आपल्याकडचे शेड आठवा. पत्र्याचे छत दिवसभर तापते, भिंती आणि फरशी उष्णता धरून ठेवतात आणि सूर्य मावळला तरी रात्री दहापर्यंत आतली हवा निवत नाही. नेमके याच वेळी कोंबडीला कार्बोनेट हवे असते आणि याच वेळी ती अजून धापा टाकत असते. आपण मात्र दुपारी बारा ते चार फॉगर (पाण्याचे धुके उडवणारी यंत्रे) चालवतो आणि पाच वाजता बंद करून निश्चिंत होतो. मी दोन उन्हाळे हीच चूक केली. दुपारच्या गारव्याने कोंबड्या वाचतात, म्हणून तो आवश्यकच आहे, पण कवचासाठी संध्याकाळचा गारवा तितकाच महत्त्वाचा आहे. आता मी पत्र्यावर पाचटाचा थर देतो, त्यावर दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी सहाला पाणी मारतो, बाजूचे बारदानाचे पडदे सूर्यास्तानंतर पूर्ण गुंडाळून ठेवतो आणि वीज असेल तर पंखे रात्री अकरापर्यंत चालू ठेवतो. आर्द्रता वाढून उलट त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळी फॉगरपेक्षा पंख्यांवर भर देतो.

सोड्याच्या बाबतीतही वेळ महत्त्वाची आहे. बालनेव्ह आणि मुहिरेझा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उच्च तापमानात सोड्याचा कवचावर चांगला परिणाम दिसला, पण कवच बसण्याच्या काळात कोंबड्यांना खाद्य खाता येत होते तेव्हा. कोंबडी अंधारात खात नाही. म्हणून सोडायुक्त खाद्य आणि शेलग्रिट मी संध्याकाळी देतो आणि मध्यरात्री एक तास दिवे लावतो. त्या तासात कोंबड्या गार हवेत मनसोक्त खातात आणि पाणी पितात. दुपारी न खाल्लेल्या घासाची काही भरपाईही होते.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि मराठवाड्यात ती टाळून चालत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि आपण बोअरच्या पाण्यावर येतो. त्यात क्षार जास्त असतील, तर अडचण दुप्पट होते, कारण पिण्याच्या पाण्यातील सोडियम क्लोराइडने कवचाचे दोष वाढतात, हे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत स्पष्ट झालेले आहे आणि तेथे कवचग्रंथीतील कार्बोनिक अनहायड्रेजची क्रियाही घटलेली आढळली होती. सोडा घालण्याआधी बोअरच्या पाण्याची तपासणी करून क्लोराइड आणि सोडियमचा आकडा हाती घ्या. खाद्याचा समतोल कागदावर कितीही छान जमवला, तरी पाण्यातून येणारे क्लोराइड तो बिघडवते. छतावरची काळी टाकी उन्हात तापत असेल, तर तिला ओले बारदान गुंडाळा किंवा ती सावलीत आणा. गरम पाणी कोंबडी पीत नाही.

आणि एक सावधगिरी. कवच पातळ होण्याबरोबरच अंड्यांची संख्या अचानक घसरली, कवचावर सुरकुत्या आल्या, तपकिरी कवचाचा रंग उडाला किंवा बिनकवचाची अंडी एकदम वाढली, तर उन्हाला दोष देत बसू नका. संसर्गजन्य ब्राँकायटिस किंवा ईडीएस-७६ (एग ड्रॉप सिंड्रोम) यांसारख्या रोगांत असे दिसते; त्वरित पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून नमुने तपासून घ्या. कळपाचे वयही विचारात घ्या. साठ आठवड्यांच्या पुढे अंडे मोठे होते आणि कवचाचा माल मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे ते थंडीतही पातळच असते.

प्रतिसाद : तीच विद्यार्थिनी, परभणी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री साडेआठला मी मुद्दाम शेडमध्ये जाऊन उभी राहिले. बाहेर अंगणात हवा सुसह्य झाली होती, पण आत तापमापकात ३५ अंश दिसत होते आणि निम्म्याहून अधिक कोंबड्यांच्या चोची उघड्या होत्या. इतकी वर्षे आम्ही संध्याकाळी सातला शेडचे काम संपवून घरी येत होतो, त्यामुळे ही वेळ आम्ही कधी पाहिलीच नव्हती. वडिलांनीही सोबत येऊन पाहिले.

आजपासून एका ओळीतील पिंजऱ्यांना संध्याकाळी शेलग्रिट, हिशेबाने सोडा आणि मध्यरात्रीचा उजेड देणार आहोत. दिवा फक्त त्या ओळीपुरता राहावा म्हणून मध्ये पडदा बांधला आहे. दुसऱ्या ओळीला नेहमीचेच खाद्य राहील. बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीला दिला आहे. कवचातील फरक तडकलेली अंडी मोजून ठरवावा, की याहून नेमकी काही पद्धत घरी करता येते?

उत्तर : निवृत्त अध्यापक, लातूर

तडकलेली अंडी मोजाच, पण त्यात गोळा करणाऱ्याच्या हाताचाही वाटा असतो. घरी करण्यासारखी उत्तम पद्धत म्हणजे विशिष्ट घनता. मीठ आणि पाणी घेऊन हायड्रोमीटरच्या साहाय्याने १.०६५ पासून १.१०० पर्यंत, दर वेळी ०.००५ ने वाढत जाणारी आठ द्रावणे आठ बादल्यांत करा. अंडे साध्या पाण्यातून काढून सर्वांत कमी घनतेच्या बादलीपासून पुढे नेत जा. ज्या बादलीत ते प्रथम तरंगेल, ती त्याची घनता. कवच हा अंड्याचा सर्वांत जास्त घनतेचा भाग असल्यामुळे कवच जाड असेल तर आकडा मोठा येतो. १.०८० च्या खाली तरंगणारी अंडी वाटेत फुटण्याची शक्यता जास्त असते.

प्रत्येक ओळीतून किमान तीस अंडी घ्या, त्याच दिवशी सकाळी दिलेली आणि एकाच वेळी उचललेली. अंडे ठेवून दिले, की त्यातील पाणी उडून हवेची पोकळी वाढते आणि कवच तेवढेच असूनही घनता कमी दिसते. दोन्ही ओळींतील अंडी आणि द्रावणे एकाच तापमानाला असू द्या, आणि प्रत्येक बादलीची घनता दर शंभर अंड्यांनंतर पुन्हा तपासा, कारण अंड्यांबरोबर येणाऱ्या पाण्याने द्रावण पातळ होत जाते. पहिले मोजमाप बदल करण्याआधी, म्हणजे आजच घ्या. सोडा आजच सुरू करणार असाल, तर उद्या सकाळची अंडी तुलनेसाठी उपयोगी पडणार नाहीत, कारण त्यांचे कवच आज रात्रीच बसणार आहे.